आई निपाणीला गेली होती

आप्पा, इतक्या उशिरा लिहितोय, रागावू नका. लिहायची मला सवय नाही. शाळा सहावीतच सुटली, आणि एक ओळ लिहिली की आधीची बरोबर आहे का म्हणून परत वाचत बसतो. पण रविवारी जे झालं ते तुम्हांला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. तुमच्यावर काढलेला तो सिनेमा परत आला होता. लष्करी कॅम्पातल्या क्लबात गाणारा शहापूरचा विणकर, दारूनं गळा गेलेला, मग गाण्याऐवजी लोकांना हसवणारा, आणि बायको सोडून गेल्यावर एकटाच मेलेला. तुम्ही तर तेव्हा जिवंत होता, टॉकीजमध्ये बसून स्वतःचं मरण बघितलंत. आता त्या सिनेमाला अभिजात म्हणतात. जुनी रिळं साफसूफ करून तो बेळगावातल्या एका हॉलमध्ये दाखवायचं ठरलं, आणि नायकाचा मुलगा अजून आहे हे कळल्यावर शाल-नारळ द्यायला मला बोलावलं.

आठवडाभर मी एकच घोकत होतो. पायऱ्या किती असतील, मध्येच लघवीला लागली तर काय, रक्तदाबाची गोळी आधी घ्यायची का नंतर. नात मच्छे गावातल्या कारखान्यात नोकरीला आहे, ती म्हणाली, "आज्जा, शाल घ्यायची, हात जोडायचे, खाली यायचं. कायबी बोलू नकोस बघ." मी म्हटलं, "न्हाय बोलत गं." मला खरंच बोलायचं नव्हतं.

तुमच्या गळ्यातली गाठ काढली ते दिवस मला अजून दिसतात. माग बंद आहे. आई निपाणीला मामाकडे राहून तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जाते आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी येते. तिच्या लुगड्यात तंबाखूची धूळ असते. ती चुलीपुढं बसून भाकरी थापते आणि तुम्ही-मी दोघं शिंकत राहतो. "शिंका, शिंका," ती म्हणते, "जित्ते हाईसा ते तरी कळतंय." तुमचा आवाज फाटलेला. क्लबवाला म्हणाला, आता गाऊ नका. तेव्हा तुम्ही माईकपुढं गेलात आणि म्हणालात, "बायको गेली सोडून. जाताना माग ठेवून गेली. आता दोघांत जास्त खटखट कोण करत हुतं तेच मला कळंना झालंय." फौजी साहेबांनी टेबलं बडवली म्हणे. घरी येऊन तुम्ही ते आईला जसंच्या तसं करून दाखवलंत. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "हसली न्हवं माणसं? मग मी सोडून गेले म्हणून सांगा. फकस्त शनवारी भाकरी मागायची न्हाय."

सिनेमावाले आले ते नेमके आठवड्याच्या मधल्या वारी. चूल थंड, घरात बाईमाणूस नाही, आणि तुम्ही घेतलेली. दारूचं मी लपवत नाही, ते त्यांनी खरं तेच दाखवलंय. "मिसेस कुठं असतात?" त्यांच्यातल्या एकानं विचारलं आणि तुम्ही सवयीनं क्लबातलं तेच ऐकवलंत. हे शहरातले लोक हसले नाहीत. एकानं चष्मा काढून डोळे पुसले. तिथंच घात झाला. पुढं पडद्यावर ती बाई गाठोडं घेऊन दाराबाहेर पडली, आणि आमच्या गल्लीतल्या नळावर बायका आईला विचारू लागल्या, "आलीस व्हय गं परत? ज्याच्यासंगं पळालीस त्यानं ठेवून न्हाय घेतलं?" ती रिकामी घागर घेऊन घरी आली. "मी पळाले न्हाय म्हणून चौकात येकदा सांगा की," म्हणाली. तुम्ही विडी पेटवलीत. "सिनेमा हाय. चालू दे. लोकं इसरत्यात." लोक विसरले नाहीत आप्पा. आईच्या मयताला आलेली एक म्हातारीसुद्धा हळूच शेजारणीला विचारत होती, "ही तीच न्हवं, पळालेली?"

तर रविवारी मी स्टेजवर खुर्चीत बसलो होतो आणि निवेदक माईकवर म्हणाला, पत्नीनं साथ सोडली, पण या कलावंतानं रसिकांची साथ सोडली नाही. टाळ्या पडल्या. शाल घेऊन तो आला तेव्हा मी माईकच धरला. "आमची आई पळाली न्हाय. ती आप्पांच्या दुखण्यात निपाणीला वखारीत कामाला गेलती. हे सांगा, मग शाल घालतो." तो गोड हसला. "काका, सिनेमा आहे. थोडं स्वातंत्र्य घेतातच." मी म्हटलं, "घ्या की. तुमच्या आईवर घ्या." हॉलमध्ये हशा पिकला. मला वाटलं आता हाताला धरून उतरवणार. तो कानाशी येऊन म्हणाला, नंतर बघू, आता खाली चला. मी खुर्ची सोडली नाही. दिवे मालवले, सिनेमा सुरू झाला, आणि पडद्यावर माझ्या टकलाची सावली. मागून कुणीतरी ओरडलं, "आज्जा, खाली बसा!" "बसलोयच की!" मी म्हटलं. नात खालून हातानं खुणावत होती, तिच्याकडं बघितलंच नाही. शेवटी दिवे लावले. निवेदकानं घाम पुसून माईकवर सांगितलं, यातली पत्नी कल्पित आहे, खरी पत्नी नवऱ्याच्या आजारपणात निपाणीला राबत होती. तेव्हा मी उतरलो. शाल तिथंच खुर्चीवर राहिली.

नंतर तो गाठोड्याचा प्रसंग आला तर शेजारची बाई तरीही रडली. पडद्यापुढं आपलं काय चालत नाही. पण तुम्ही जन्मात केलं नाही ते मी केलं. रागवायचं असेल तर रागवा, मी माघार घेणार नाही.

हे पत्र टाकायचं कुठं ते ठाऊक नाही, म्हणजे ते माझ्यापाशीच राहणार. एक मात्र कबूल करतो. तो सिनेमा मला आवडतो. त्यातला नट हसताना मान जराशी डावीकडं टाकतो, अगदी तुमच्यासारखी. तेवढ्यासाठी शेवटपर्यंत बसलो. आई तिथं तुमच्याजवळच असेल. तिला बरं वाटलं, की चारचौघांत कशाला बोललास म्हणून चिडली, एवढं विचारा आणि लवकर कळवा. मला घोर लागलाय.