मागून आलेला शब्द

प्रिय भिंगरी,

तुझं पोट कसं आहे? सोमवारी पोट, मंगळवारी दाढ, काल म्हणे गुडघा. बाई गं, अवयव जरा पुरवून वापर. पुढे नोकरीत दांड्या मारायला आजार कमी पडतात, हे मी अनुभवाने सांगतोय. फोनवर तू बोलत नाहीस, लगेच अम्मीच्या हातात देतेस, म्हणून हे लिहून फोटो काढून पाठवतोय. शेवटपर्यंत वाच. अम्मीला वाचायला देऊ नकोस, ती हसण्याच्या नादात फोडणी जाळते.

असेंब्लीचं सगळं कळलं. अम्मी सांगताना तीनदा हसून थांबली. रागावू नकोस, तिला हसू आवरत नाही हे तुलाही माहीत आहे. पण तुझीही हौस दांडगी. शाळाभर मुलींसमोर पहिल्यांदाच कुराण म्हणायचं आणि त्यातली निवडायची ती सूरह, जिच्यात एकच आयत, तीच ओळ, पुन्हापुन्हा येते! तिथे भल्याभल्यांना चकवा लागतो. तू फिरून फिरून त्याच वळणावर येत राहिलीस. पहिलीतल्या पोरी आधी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर आणि शेवटी फतकल मारून बसल्या. बड्या बाई डोळे मिटून डोलत होत्या. त्यांना वाटलं, पोरगी किती मन लावून म्हणतेय. मग तुझ्या बाकावरची ती चष्मेवाली रांगेतून पुढचा शब्द मोठ्याने बोलली आणि तुझी गाडी रुळावर आली. तू घरी येऊन दप्तर कपाटावर फेकलंस. म्हणालीस, तिने मला सगळ्यांसमोर पाडलं, आता मी त्या शाळेत पाय ठेवणार नाही. आणि अब्बा, आपले मेणाचे अब्बा, शनिवारी जाऊन नाव काढून आणतो म्हणाले.

हेच अब्बा तुझ्या प्रवेशाच्या मुलाखतीला कसे गेले होते, ठाऊक आहे? घालायला धड कोट नाही, म्हणून शिवून तयार असलेला गिऱ्हाइकाचा कोट चढवून गेले. समोर कमिटीचे तिघं. मधला टक लावून बघतोय. कोट त्याचाच! आई-बाप नमाजी आहेत का, घरी अभ्यास कोण घेणार, सगळं बाकीच्या दोघांनी विचारलं. त्याने शेवटी एकच विचारलं, की डिलिव्हरी आज मिळेल का. अब्बांनी तिथेच उतरवून घडी घालून दिला आणि बनियनवर घरी आले. गणित आणि कुराण एकाच छपराखाली शिकवणारी शाळा पोरीला मिळावी, म्हणून माणूस बनियनवर रस्त्याने चालला, भिंगरे. मला त्याच शाळेच्या मुलांच्या बाजूला घातलं होतं, तर मी खिडकीजवळ बसून रस्त्यावरच्या गाड्या ओळखायला शिकलो. तेवढंच माझं शिक्षण.

इथलं सांगतो. लाँड्रीतच आहे अजून, आश्चर्य वाटलं ना? हॉटेलांच्या चादरी रोलरमधून गरम गरम बाहेर येतात, मी एक टोक धरतो, बॉयलरवाला दुसरं. डाग न निघालेल्या चादरी अंथरून आम्ही इस्त्रीच्या खोलीतच जमात करतो, रांगेने एकत्र नमाज पढतो. नमाज पढवणारे इस्त्रीवाले चाचा कायमचे गावी गेले. मग सगळ्यांनी मला पुढे ढकललं, कारण मी कधीतरी फुशारकीत त्या शाळेचं नाव घेतलं होतं. मी रोज त्याच दोन चिमुकल्या सूरह म्हणतो. मंडळी खूश, चहा गरम असतानाच परत येतात. मला ‘एक्स्प्रेस’ म्हणतात.

परवा मगरिबला, सूर्य बुडाल्यावरच्या नमाजात, अंगात काय शिरलं कोण जाणे, जरा मोठी सूरह धरली. चौथ्या आयतीला अडकलो. अडकलेल्याला मागून पुढचा शब्द देतात, त्याला लुकमा म्हणतात, म्हणजे घास, हे तुला मी काय सांगायचं! मी थांबलो. कुणीतरी देईल. मागे अकरा माणसं आणि बॉयलरची सुरसुर. एक जण खोकला. मी त्या खोकल्यातही शब्द शोधला गं. शेवटी चिमुकलीवर भागवलं. नंतर बॉयलरवाला हळूच म्हणाला, “आमची वाट कशाला बघत होतास? आम्हीच तुझ्या भरवशावर उभे.”

तेव्हापासून तुझी चष्मेवाली डोक्यातून जात नाही. तिने तुला पाडलं नाही, घास दिला. म्हणून लिहितोय, अब्बांनी सांगितलं म्हणून नाही, त्यांना यातलं काही माहीत नाही. चौथ्या आयतीच्या पुढचं मला कोण शिकवणार? इथे विचारायला लाज वाटते. तुझी वाटत नाही, तू मला पाळण्यापासून मारतेस. उद्या शाळेत जा. माझी सूरह कुठली, ते सोबत रेकॉर्ड करून पाठवलंय, अडकतो तिथपर्यंत. पुढचं तुला येत असेल, तरी आधी त्या चष्मेवालीला विचार.

तुझाच, अजून चौथ्या आयतीवर उभा असलेला,
भाई