धसईच्या मैदानावरची शिट्टी

टोकावडे, १३ जानेवारी २०२५

ती. विठूमामांस,
योगिनीचा सा. न. वि. वि.

फोन केला असता तर रडले असते आणि आईला कळलं असतं, म्हणून लिहिते.

काल धसईला भात कापलेल्या खाचरात मुलींचा रग्बीचा सामना झाला. पंच मी. मुरबाडची कुणाली चेंडू घेऊन पळत होती, तिला शहापूरच्या वैष्णवीने मानेला धरून खाली खेचलं. अशाने मान मोडली तर पोर जन्माची खाटेवर, हे तुम्हीच शिकवलंत. मी वैष्णवीला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. शहापूर हरलं. खरं तर दोन्ही संघ अंतिम सामन्यात आधीच पोचले होते, त्या हरण्याने काही बिघडणार नव्हतं.

सामना संपल्यावर शहापूरचे प्रशिक्षक धर्मासर समोर आले आणि तोंडातला गुटखा माझ्या बुटांवर थुंकले. लोक हसले. हसणाऱ्यांत कुणालीच्या गावचेही होते, आणि ती बिचारी मान धरून बसलेली. त्याचीच मला जास्त किळस आली. बूट घासघासून धुतले, तरी हात लावावासा वाटत नाही.

यापुढे मला पंच व्हायला सांगू नका. बाकी काहीही सांगा, ऐकेन. मामीला नमस्कार. माझ्यावर रागावू नका.

तुमची योगिनी


शहापूर, १८ जानेवारी

चि. योगिनीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही.

गुडघे गेले, माझी शिट्टी सुटली, तेव्हा मी दोन्ही तालुक्यांत पंच शोधत फिरलो. सगळ्यांना खेळायचंय, नाहीतर ओरडायचंय. शिट्टी कोणालाच नको. तू हो म्हणालीस तेव्हा घरी पेढे आणले होते.

काल स्पर्धा भरवणाऱ्या मंडळात गेलो. अध्यक्ष म्हणाले, अंतिम सामन्याला योगिनीला शाल-श्रीफळ देऊ, धर्मा फोटोत शेजारी उभा राहील, विषय संपला. धर्मा तिथेच सुपारी चघळत होता. बाईमाणसाने शिट्टी वाजवायची तर एवढं सोसावं लागतं, म्हणाला. मला पुढ्यातल्या चहाचीही शिसारी आली. त्याच लोकांसमोर माफी, नाहीतर पंच नाही, एवढं सांगून उठलो. ते कबूल झालेत.

जा गो एकदा. कालच्या फेरीनंतर मला ही पायरीही उतरवत नाही, नाहीतर सोबत आलो असतो. नाही गेलीस तरी मामाचा जीव तुझ्यावर तेवढाच.

विठूमामा


टोकावडे, ३ फेब्रुवारी

ती. विठूमामांस,
सा. न. वि. वि.

काल अंतिम सामन्याला गेले होते. धर्मासरांनी माइकवर, कोणाला काही वाटलं असेल तर माफी, असं हसत हसत म्हटलं. मी शाल घेतली नाही. अध्यक्ष चिडले.

तेवढ्यात वैष्णवी रांगेतून पुढे आली. तिने सगळ्यांदेखत सांगितलं, "सर, मी मानंलाच धरलं व्हतं. तुमी ताईवर थुकलात. नीट माफी मागा, नायतर आमी खेळणार नाय."

दोन्ही संघांच्या पोरी मैदानात खाली बसल्या. धर्मासर शिव्या देत मोटरसायकलवरून गेले. अध्यक्षांनी चषक गाडीत टाकला आणि स्पर्धेचा सत्यानाश मी केला, असं जाहीर करून तेही गेले. माफी शेवटपर्यंत कोणी मागितली नाही. त्या सगळ्यांची किळस अजून माझ्या मनातून जात नाही.

मांडव उतरवायला लागले तेव्हा पोरी माझ्याकडे आल्या. ताई, आमाला खेळायचंय, म्हणाल्या. मग खेळलो, बघायला मानेला पट्टा लावलेली कुणाली आणि मांडववाले, एवढेच. चेंडू मागेच द्यायचा हे विसरून वैष्णवीने तो पुढे फेकला. मी शिट्टी मारली. ती चेंडू खाली ठेवून मागे सरली.

गुडघे शेकत जा. आशीर्वाद असू द्यावा.

तुमची योगिनी