गुंडूचा कंदील कुठल्या हातात

कोरमंगला, बंगळूर
दि. ६ जून १९९३

ति. सौ. अक्कास,
अजिंक्यचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडतो. पीण्याच्या कारखान्यातली नोकरी सोडल्यापासून मी नुसता लोळत असतो, असं तुला वाटतं. आमच्या घरमालकीण श्यामलाअक्कांनाही तसंच वाटतं. मी आणि मंजुनाथ, दोन धडधाकट पुरुष, दिवसभर कॉम्प्युटरच्या डब्यासमोर बसून उड्या मारणारा माणूस बघत असतो, हे काही त्यांच्या पचनी पडत नाही. बाहेर स्वल्प काही काम मिळत नाही का, असं परवा त्यांनी अगदी मायेनं विचारलं.

तर हा उड्या मारणारा माणूस म्हणजे आमचा गुंडू. कंदील घेऊन तो सोन्याच्या खाणीत उतरतो. खेळणाऱ्यानं बटणं दाबून त्याला या कपारीवरून त्या कपारीवर न्यायचं, खड्ड्यात पडू द्यायचं नाही, एवढाच खेळ. असले खेळ परदेशात शेकड्यानं निघतात आणि वर्षभरात त्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत. तरीही इंग्लंडमधल्या एका छोट्या कंपनीला आमचा नमुना आवडला, आणि सप्टेंबरपर्यंत पुरा करून द्या असं त्यांनी कळवलंय. नेमका आत्ताच आमचा चित्रकार जाहिरातीच्या कामासाठी मुंबईला निघून गेला. मी प्रोग्रॅम लिहितो, मंजुनाथ संगीत करतो, पण आम्हा दोघांनाही चित्र म्हणून काढता येत नाही. मी काढलेला गुंडू सोबत पाठवतो. हसू नकोस.

आता खरं बोलतो. मला अण्णांकडून चित्रं हवी आहेत. दिवाळीत अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांनी पेन्सिलीला हात लावला नाही, हे तू दर पत्रात लिहितेस. चाळीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलेला माणूस खिडकीबाहेर बघत बसून राहतो, हे वाचून माझं कामात लक्ष लागत नाही. उजवा हात गेला तो गेला, पण त्याच्याबरोबर अण्णाही चालले आहेत, अशी मला भीती वाटते. हे काम वेगळं आहे गं. आलेखाच्या कागदावर, चौकटी भरत माणूस काढायचा. एक चौकट, एक रंग. रेघ ओढायचीच नसते, त्यामुळे डावा हात थरथरला तरी चित्रात दिसत नाही. पण मी विचारलं तर मुलगा कीव करतोय असं त्यांना वाटेल. तू काहीतरी युक्ती काढ. कागदांचा गठ्ठा पार्सलनं पाठवला आहे.

सूर्यकांत भाऊजींना नमस्कार, पिल्लांना पापा. माझ्यावर रागाव, पण पत्रं पाठवायची थांबवू नकोस.

तुझा,
अजिंक्य

*

टिळकवाडी, बेळगाव
दि. २० जून १९९३

चि. अजिंक्य यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुंडू पाहिला. तो माणूस आहे हे तू लिहिलंस म्हणून कळलं. मुलांना तो भोपळा वाटला.

आधी मी सरळ विचारून पाहिलं, की अजिंक्य अडचणीत आहे, चार चित्रं काढाल का. पेन्शनची नोकरी सोडणाऱ्याला अडचणी यायच्याच, असं म्हणून अण्णा भिंतीकडे वळले. मग मी विचारणं सोडलं. तुझं ते चित्र त्यांच्या औषधाच्या बाटल्यांशेजारी ठेवून दिलं. एवढंच. दुसऱ्या दिवशी हा गुडघा कुणी काढला, असा प्रश्न आला. मी म्हटलं, तुमच्या चिरंजीवांनी. पाचवीतल्या पोरानं असा गुडघा काढला असता तर त्याला बाकावर उभा केला असता, असं ते म्हणाले. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजाला धार आली रे. मला इतकं बरं वाटलं, की स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडून घेतलं.

परवा मी बँकेतून आले तेव्हा ते टेबलाशी बसले होते आणि डाव्या हातात रंगीत पेन्सिल होती. मला बघताच हात टेबलाखाली गेला. मी पाहिलंच नाही असं दाखवून चहा टाकायला गेले. आज सकाळी चार चित्रं माझ्या पर्सवर ठेवलेली होती. ती सोबत पाठवते.

एक बजावून सांगते. आभार मानताना हाताचं अवाक्षर काढायचं नाही. आमच्या घरात तो विषय बंद आहे. हे तर हल्ली मुलांना हात धुतलेत का असंही अण्णांसमोर विचारत नाहीत, नुसत्या खुणा करतात, आणि मुलं वेड्यासारखी बघत राहतात.

वेळेवर जेवत जा, आणि आमची माया अशीच वसूल करत राहा.

तुझी,
भार्गवीअक्का

*

कोरमंगला, बंगळूर
दि. ११ जुलै १९९३

ति. अण्णांस,
अजिंक्यचा शि. सा. न. वि. वि.

चित्रं मिळाली. एकेक चौकट मोजत कॉम्प्युटरमध्ये भरायला आठवडा गेला, आणि काल गुंडू पहिल्यांदा चालला. आधी माझा गुंडू घसरगुंडीवरून सरकल्यासारखा जात असे. तुमचा पाय टाकतो, टाच टेकतो, आणि उडी मारण्याआधी किंचित वाकतो. ते वाकणं तुम्ही काढलंत म्हणून मला सुचलं, एरवी माझ्या डोक्यात आलंच नसतं. मंजुनाथनं त्याला चार-पाचदा चालवून पाहिलं. मग सरी, सरी, म्हणजे ठीक आहे, असं दोनदा म्हणून उठला आणि कोपऱ्यावर जाऊन दोघांसाठी मसाला डोसे घेऊन आला. त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी नाही.

आता चढण्याची, पडण्याची आणि दचकण्याची चित्रं लागतील. तुमचे कष्ट वाचावेत म्हणून एक सांगतो. सगळी चित्रं उजवीकडे तोंड केलेलीच काढा. गुंडू डावीकडे वळला की कॉम्प्युटर तेच चित्र आरशात दिसावं तसं उलटं करतो. उजव्या हातातला कंदील आपोआप डाव्या हातात जातो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सगळेच असं करतात, कारण पूर्ण खेळ एका फ्लॉपीत बसवायचा असतो आणि जागा फार थोडी असते.

औषधं वेळेवर घ्या. तुमचा आशीर्वाद आणि तुमचं ओरडणं, दोन्ही पाठीशी असू द्या.

आपला आज्ञाधारक,
अजिंक्य

*

टिळकवाडी, बेळगाव
दि. २२ जुलै १९९३

चि. अजिंक्य यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र मी सांगतो आहे, भार्गवी लिहिते आहे.

तुझं पत्र वाचून संताप झाला. माणूस वळला म्हणून त्याच्या हातातली वस्तू दुसऱ्या हातात जाते, हे तू कुठे पाहिलंस? कुणाच्या लक्षात येत नाही, हे कारण माझ्या वर्गात कधी चाललं नाही. उजवा हात तो उजवाच राहील. डावीकडे तोंड केलेल्या गुंडूची चित्रं मी वेगळी काढीन आणि तू ती वेगळी वापरशील. जागा नाही, ही सबब मला सांगू नकोस. हे मान्य नसेल तर इथून पुढे एकही चित्र मिळणार नाही.

सगळेच असं करतात म्हणून आपणही करायचं असेल, तर पीण्यातली नोकरी काय वाईट होती? प्रकृतीला जप.

तुझे,
अण्णा

ता. क. हा मजकूर माझा आहे. अजिंक्य, काय लिहून बसलास हे! उजव्या हातातलं डाव्या हातात आपोआप जातं आणि कुणाला कळतही नाही, असं त्यांना लिहिलंस? ज्या माणसाचं सगळं असंच डाव्या हातात आलंय, त्यांना? तुझं पत्र वाचून अण्णा जेवलेसुद्धा नाहीत. कागद कपाटात ठेवून दिलेत. इतक्या दिवसांनी पेन्सिल धरली होती रे, ती सुटू देऊ नकोस. काय वाट्टेल ते कर, पण ते म्हणतात तसंच कर. — भार्गवी

*

कोरमंगला, बंगळूर
दि. १५ ऑगस्ट १९९३

ति. अण्णांस,
अजिंक्यचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं म्हणणं मान्य आहे, हे तारेनं कळवलं होतंच. त्यानंतर तुम्ही धाडलेली सगळी चित्रं खेळात बसवली आहेत, डावीकडची आणि उजवीकडचीही. गुंडू आता कुठेही वळला तरी कंदील उजव्याच हातात राहतो.

जागा कशी केली तेही सांगतो. शेवटच्या भुयारातलं संगीत काढून टाकलं. मंजुनाथनं ते महिनाभर खपून केलं होतं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं. त्याचे वडीलही अंथरुणाला खिळून आहेत. त्यानं ऐकून घेतलं, आणि ते संगीत स्वतःच पुसलं. कंपनीला खेळ पसंत पडला. आणखी सात-आठ खेळांबरोबर एकाच खोक्यात घालून विकणार आहेत, म्हणजे गुंडूचं नाव फारसं कुणाच्या कानावर जाणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही.

वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. अण्णा, हे लिहायचं नाही असं अक्कानं बजावलं होतं, तरी लिहितो. कंदिलाचं मी जे लिहिलं ते वाचून तुमच्या जिवाला किती लागलं असेल, याचा मी विचारच केला नाही. तुमच्या हाताचं दुःख तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, आणि मी मात्र त्यावरच बोट ठेवलं. मला क्षमा करा. सोबत फ्लॉपी आहे. भाऊजींच्या मित्राच्या कॉम्प्युटर क्लासात ती चालेल. एकदा बघा.

तुमच्या मनात माझ्याविषयी किल्मिष राहू नये, एवढंच मागतो.

आपला,
अजिंक्य

*

टिळकवाडी, बेळगाव
दि. २९ ऑगस्ट १९९३

चि. अजिंक्य यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मीच लिहितो आहे. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, दोन दिवस लागले, तरी सावकाश वाच. भार्गवीला लिहायला सांगितलं की ती खाली आपली पुरवणी जोडते, हे तुझ्या पत्रामुळे उघडकीला आलं.

तुझी क्षमा मी दोनदा वाचली. मला काही बोध होईना. माझ्या हाताचा आणि गुंडूच्या कंदिलाचा संबंध काय? भार्गवीला बोलावून विचारलं. ती आधी रडली आणि मग सगळं बोलली. म्हणजे हे घर महिनाभर माझ्या हाताची काळजी करत होतं तर! अरे वेड्या, मी कंदिलाची करत होतो. डावीकडे तोंड केलेल्या माणसाचा उजवा हात आपल्याला अंगापलीकडे दिसतो. कंदील अर्धा पोटाआड जायला हवा. तुझ्या आरशातला माणूस तो छातीसमोर मिरवत चालला असता. ते चूक होतं म्हणून मी चिडलो. त्यात माझं दुखणं कुठून आलं? आणि त्या दिवशी जेवलो नाही, कारण भार्गवीनं दोडक्याची भाजी केली होती.

काल क्लासात जाऊन गुंडूला बघितलं. सूर्यकांत बटणं दाबत होता आणि दर वेळी खड्ड्यात पडत होता. मी पडण्याकडे लक्ष दिलं नाही. वळायला सांगितलं. गुंडू वळला आणि कंदील पोटाआड गेला, उजेड मात्र पुढे राहिला. मला फार आनंद झाला. मंजुनाथचं संगीत गेलं याचं वाईट वाटतं. त्याच्या वडिलांना माझा नमस्कार कळव.

तुझ्या पत्रानं मला एका विचारात मात्र टाकलं. दिवाळीपासून सकाळी डोळा उघडला की आधी हा हात आठवायचा. कुणी पेला पुढे केला, कुणी दार उघडलं, की आठवायचा. माणूस असा चोवीस तास एकाच गोष्टीपाशी बसून राहिला की त्याला जगावंसं वाटत नाही. मलाही जगावंसं वाटत नव्हतं, हे आज तुला सांगतो. पण तुझ्याशी भांडत ती डावीकडची चित्रं काढली, तेव्हा हात एकदाही आठवला नाही. परवा शेजारची मंडळी जेवायला होती. मी त्यांच्यादेखत डाव्या हातानं भात कालवत त्यांना गुंडूचा गुडघा समजावत बसलो होतो म्हणे. मला त्याचं भानही नव्हतं.

खेळ संपला, चित्रं संपली, आणि या पत्राच्या एकेका ओळीला तो हात पुन्हा आठवतो आहे. तेव्हा कुठलाही खेळ असो, कुणी खेळो न खेळो, मला पुढचं काम लवकर पाठव.

तुझे,
अण्णा