बिनमिठाचा पाव

१४ एप्रिल

शी! इतकं वाईट काही मी माझ्या हातानं आजवर केलं नव्हतं. पाव म्हणून ओव्हनमधून जे निघालं ते पांढरंफटक, मधे खड्डा पडलेलं, आणि चव ओल्या पुठ्ठ्याची. मैदा, यीस्ट, साखर, दूध, तेल — सगळं मोजून घेतलं होतं. फक्त मीठ नाही. फुगला मात्र असा, की आता टिनाबाहेर पळतो. मग फुस्स!

हे ड्यूटीवर निघता निघता म्हणाले, "हे का बनवलं?" मी म्हटलं, तुमच्या बाबांचं औषध.

मामाजींनी — सासऱ्यांना मी मामाजीच म्हणते — चहात बुडवून एक घास घेतला. तोंडात धरून बसले. मग बशीत परत काढला. माझ्यासमोर!

"मीठ नाई टाकलं का, नूतन?"

"डॉक्टरनं सांगितलं ना."

"कमी सांगतलं होतं त्यायनं."

कमी म्हणजे किती, ते कोणी सांगत नाही. चिमूटभर कमी की चमचाभर? बी.पी. एकशे नव्वद, पायाला सूज, सकाळी लघवीची गोळी. ह्यांना सुट्टी नव्हती, मामाजींना दवाखान्यात मी एकटीच घेऊन गेले होते. उद्या काही झालं तर लोक मलाच विचारणार. म्हणून बंद म्हणजे बंद. बाहेरच्या पावात मीठ असतं, आणि सकाळी चहासोबत पाव नसला की म्हातारा दिवसभर तोंड फुगवून बसतो. म्हणून हा घरचा उपद्व्याप.

१६ एप्रिल

जुनवानीच्या मोनाला फोन केला. तिच्याकडे मी दोन महिने केक शिकायला जात होते. मुलगी मराठीच, पण तोंडात हिंदी. खूप हसली. "आंटी, नमक सिर्फ स्वाद के लिए थोड़ी डालते हैं! मैदे को पकड़ के रखता है, यीस्ट को काबू में रखता है. निकालोगे तो ऐसे ही चढ़ेगा और ऐसे ही बैठेगा."

मग म्हणाली, पूर्ण पावाला चहाच्या चमच्यानं एक चमचा मीठ, एका स्लाइसमध्ये कितीसं जाणार? खाऊ द्या ना म्हाताऱ्याला.

सल्ला द्यायला काय जातं! तिच्या घरी कुठे म्हातारा आहे.

१७ एप्रिल

यीस्ट निम्मं केलं, मैदा थंड पाण्यात भिजवला, फुगायला वेळ कमी दिला. या वेळी बसला नाही. दिसायला पाव झाला. चव तीच. राखेला तरी थोडी चव असेल.

मी एक तुकडा चाखला आणि नळ सोडून चूळ भरली. मामाजींच्या बशीत दोन स्लाइस ठेवल्या.

२० एप्रिल

मामाजींची गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली पावाचे तुकडे! आठ-दहा. काहींवर हिरवी बुरशी, आणि त्यातून मुंग्यांची रांग थेट भिंतीपर्यंत. मला ओकारीच आली. बाहेरचा पाव चार दिवस राहतो, याला दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. मीठ नसलं की हेही होतं म्हणे.

"हे काय आहे, मामाजी?"

"चिमण्याईले ठेवले."

गादीखाली चिमण्या येतात! पंचाहत्तरीचा माणूस, आणि शाळेतल्या पोरासारखी थाप मारतो. मी झाडूनं सगळं ओढलं, फिनाईलनं पुसलं, तरी दिवसभर हाताला तो वास येत होता. संध्याकाळी यांना सांगणार होते. नाही सांगितलं. हे एक तर ड्यूटीवर नाहीतर झोपलेले. बापलेकाचं बोलणं तरी काय — "जेवले का?" "हो." संपलं.

२३ एप्रिल

आज मान खाली गेली. शेजारच्या राधाबाई फाटकातूनच ओरडल्या, "नूतन, तुमच्या घरचं मीठ संपलं का वं? मामाजी वाटी घेऊन आले होते नं!"

वाटी घेऊन! अख्ख्या वैशाली नगरात आता हेच होणार — सून सासऱ्याला मिठाला महाग करते. वरण वेगळं, भाजी वेगळी, रोज दोन-दोनदा स्वयंपाक करते, पाव भाजते, ते कोणी बघत नाही. राधाबाईंना हात जोडून म्हटलं, आमच्या ह्यांना बोलू नका, उगाच घरात कटकट होते. घरी आले. वाटीत तळाशी चिमूटभर मीठ उरलं होतं. ते त्यांच्यादेखत मोरीत टाकलं.

मिठाची बरणी साड्यांच्या कपाटात ठेवली. लोणच्याचीही.

२४ एप्रिल

कपाटाची किल्ली कमरेला. माझं मलाच हसू आलं, पण लावली.

२८ एप्रिल

आज हट्टानं दोन पाव केले. एकाच मैद्याचे, एकाच यीस्टचे, एकाच ओव्हनमध्ये. एकात मीठ, एकात नाही. बघू तरी म्हटलं, फरक खरंच पडतो की सगळ्यांचे नखरे.

फरक! मिठाच्या पावावर छान बदामी रंग चढला. कापताना वरचा पापुद्रा करकरला. मी ओट्याशी उभ्या उभ्या लोणी लावून चार स्लाइस खाल्ल्या. अधाशासारख्या. मागे वळले तर दारात मामाजी. वास आला असणार. "पानी दे," एवढंच.

पुन्हा पाणी! दर तासाला लोटाभर लागतं त्यांना. तीस वर्षं पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्टीपुढे काढली, ती तिथलीच सवय. आज पाणी पिता पिता सांगत होते, "तवा आमाले मिठाच्या गोळ्या भेटत. गोळी गिळाची, पानी प्याचं, मंग भट्टीसमोर जाचं." मी म्हटलं, आता भट्टी नाही, गोळीही नाही. पाणी मात्र हवं तेवढं प्या. ऊन त्रेचाळीसवर गेलंय, पाण्यानं कोणाचं काय बिघडतं?

चांगला पाव मी आणि ह्यांनी खाल्ला. दुसरा त्यांना.

३ मे

दोन दिवस नुसता वैताग. मामाजी सकाळी ओकले, दुपारी ओकले. चालताना भिंत धरतात. आज गादी ओली केली. शी, शी, शी! लिहायलाही किळस येते. धुतली मीच. कोण धुणार?

आणि हाक काय मारली मला — "मारोतराव, दरवाजा लागला का?" मारोतराव म्हणजे त्यांच्यासोबत भट्टीवर असलेला माणूस. वारूनही आठ वर्षं झाली. मी म्हटलं, मी नूतन आहे. तर म्हणतात, "गॅस सुटून राहिला ना, जल्दी कर."

हे म्हणाले, "वय झालं आता." मला नाही तसं वाटत. मिठासाठी नाटक आहे सगळं. मी पाघळेन आणि किल्ली काढेन असं वाटतं त्यांना.

५ मे

मामाजींनी चहा ताटात ओतला, पाव त्यात कुस्करला, बोटांनी ढवळत बसले. चहा टेबलावरून खाली, लुंगीवर, पायांवर. एकच प्रश्न पाचदा, "शिफ्ट सुटली का?" सहाव्यांदा विचारलं तेव्हा मी ओरडले, "लाज वाटत नाही का तुम्हाला?"

ते हसले. तोंडात तो लगदा तसाच.

मनात आलं, अजून किती वर्षं हे? आलं मनात, म्हणून लिहिलं. खोडणार नाही.

८ मे

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळी त्यांच्या खोलीत लोटा पडल्याचा आवाज आला. धावले तर मामाजी जमिनीवर, अंग आकडलेलं, डोळे वर, तोंडाला फेस. जीभ चावली होती, रक्त आलं. ह्यांची रात्रपाळी नुकतीच संपली होती, नशीब. आयसीयूत घेतलं. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले, तेच, ज्यांना आधी दाखवलं होतं. सोडियम एकशे बारा! एकशे पस्तीसच्या वर पाहिजे. म्हणाले, शरीरात मीठच राहिलं नाही. लघवीच्या गोळीनं बाहेर जात होतं, एवढं पाणी पिऊन उरलेलं पातळ झालं, आणि जेवणातून काहीच येत नव्हतं. ओकणं, तोल जाणं, भलतं बोलणं — सगळं त्याचंच.

नाटक नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "नमक पूरा बंद किसने किया? मैंने तो कम करने को बोला था. पर्ची पे भी लिखा है."

हे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "खुद ही, डॉक्टर साहब. थोड़ा भी डालो तो थाली सरका देते थे."

असं सरळ आलं तोंडातून. अडखळले सुद्धा नाही. हे म्हणाले, "बाबा पहले से ही जिद्दी हैं." डॉक्टरांनी मान हलवली आणि आत गेले. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "तुले किती तरास झाला असन, नूतन."

मला त्या हाताची शिसारी आली. हाताची नाही. माझीच.

९ मे

सोडियम हळूहळू चढवतायत. घाईनं चढवलं तर मेंदूला धोका असतो म्हणे. अजून शुद्ध नाही. मी बाहेर बसून एकच विचार करतेय — शुद्धीवर आले की पहिलं काय बोलतील? वाटी, मोरी, किल्ली. सगळं माहीत आहे त्यांना. त्या दिवशी डॉक्टरांपुढे माझ्या शेजारीच बसले होते, "कमी" त्यांनीही ऐकलं होतं.

क्षणभर वाटलं, नाहीच आले शुद्धीवर तर... शी! किती घाण आहे माझ्यात. त्यांची गादी धुताना नाक दाबत होते मी.

१० मे

कपडे न्यायला घरी आले. फ्रीजमधल्या डब्यात त्यांच्या पावाच्या तीन स्लाइस उरल्या होत्या. खायला बसले. लोणी नाही, चहा नाही. इतके दिवस त्यांच्यापुढे ठेवत होते, स्वतः एक पूर्ण स्लाइस कधी खाल्ली नव्हती. चावून चावून लगदा होतो आणि घशाखाली उतरत नाही. जीभच त्याला बाहेर ढकलते. दीड खाल्ली. मग मोरीवर जाऊन ओकले.

किल्ली कमरेची काढली. बरणी ओट्यावर ठेवली. आता ठेवून काय उपयोग!

१२ मे

मामाजींना वॉर्डात आणलं. मला ओळखलं, "नूतन" म्हणाले. चार दिवस टांगणीला लागलेला ह्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड सुटलं. अख्ख्या वॉर्डासमोर — "बाबा, कावून बंद केलं मीठ? आपल्या मनानं डॉक्टर झाले का तुमी? मरता मरता वाचले ना!"

मामाजींना काही कळेना. ह्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी खिडकीचा गज घट्ट धरला होता.

"हो बे," ते म्हणाले. "मीच बंद केलं. नूतन तं देत होती."