डावा कौल

अंबाजोगाई
१५ मार्च १९९५

ती. रुद्राणीआक्का,

तुझ्या गुरुपादचा नमस्कार. भाऊजी बरे असतील, पोरं धिंगाणा घालत असतील.

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय. अंतर्देशीय आणलं की एकावर चहा सांडतो, दुसरं मित्र पळवतो. खरं सांगू? हातच धजत नव्हता.

आधी गंमत ऐक! मी इथं केबलवाल्याकडं आहे, दिवसभर लोकांच्या गच्च्यांवर. लई मजा. परवा निकाल लागले तर पेपरात ही मोठी अक्षरं, 'मतदारांचा कौल'. मी आमच्या घरमालकांना, काझी मास्तरांना विचारलं, "कौल तर देव देतो ना? आमच्या वडवणीत माझे वडील, दादा, खंडोबाला दोन फुलं चिकटवतात. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर न्हाई."

मास्तर म्हणले, "अबे, लफ्ज अरबी हाय. कौल म्हणजे बोलणं, दिलेला शब्द. सरकार रयतेला जमीन कसायला द्यायचं, तवा शब्द लिहून द्यायचं, तो कौल. मग लोक देवाला शब्द मागायला लागले. आता मतदाराला मागतेत!"

मी तर उडालोच! आक्का, दादांनी दुकानाच्या रंगापासून टीव्हीपर्यंत सगळ्याला कौल लावला. टीव्हीचा दोनदा डावा आला, म्हणून आपण सटवाकाकाच्या खिडकीत उभं राहून मॅच बघायचो.

प्रणिताचाही डावाच आला. पोरगी दादांनीच पसंत केलेली. तिच्या आईच्या, बायनाबाईंच्या घरी पोहे खाऊन "घर उजळंल" म्हणले होते. फूल पडलं आन् दादांनी तो विषयच सोडला. मी मात्र तिला शब्द देऊन बसलोतो. घर सोडलं ते त्यासाठी. कामधंदा हे निमित्त.

आता सांगूनच टाकतो. येत्या सोमवारी बीडला आमचं रजिस्टर लग्न आहे. बायनाबाई राजी आहेत. तू साक्षीदार म्हणून सहीला ये. दादांना मी कळवलेलं नाही. चारदा एसटीडीच्या काचेपर्यंत गेलो न् परत फिरलो. त्यांच्याशिवाय हार घालायचं मन होत नाही गं.

थांब, खालून मास्तर हाका मारतायत.

आक्का! दादा आलेत! बायनाबाईंनी गुपचूप निरोप धाडलेला. जिन्यातच उभे होते, काखेत पिशवी, घामाघूम. पाया पडायचं सोडून विचारलं, "दादा, कौल लावलाता का?"

"न्हाई लावला."

"कावून?"

"परत डावा आला असता तर? देवाला न्हाई कसं म्हणू? म्हणून त्याला इचारलंच न्हाई, सरळ यष्टीत बसलो. आता आत घेतो का हितंच उभं करतो?"

आत बसलेत. मास्तरांशी उर्दूत काहीतरी बोलून हसतायत. तीन सह्या लागतात. मास्तरांची ठरलेलीच, दादा तर आत्ताच "पेन आण" म्हणतायत, तिसरी तुझी.

तुझा, आणि पुन्हा दादांचा,
गुरुपाद