बँकॉकचे दांडे

पाटोदा, १८ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. सत्यभामाअक्कास,
बंकटचा सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो, म्हणून लिहितोय. तुझ्या लाडक्या तानाजीच्या जीपचे दांडे तयार झाले. आम्ही त्यांना लिंक म्हणतो. मागचा ॲक्सल गाडीच्या चौकटीला धरून ठेवतात ते हेच. गाडी वीतभर उंच करायची तर जुने पुरत नाहीत, नवे लांब घडवावे लागतात. आणि उंच कशाला, तर वरातीत माझी वैष्णवी आणि तो लोकांच्या डोक्यावरून दिसावेत म्हणून! दुकानात आला की मोबाइल समोर धरून केस सारखे करत बसतो. मला शिसारी येते, अक्का. भाचा आहे आणि आता जावईही होणार, म्हणून गिळतो.

कामात मात्र कसूर नाही. पाइप जाड घेतलाय आणि टोकाच्या कड्यांना वेल्डिंगचा भरभक्कम टाका दिलाय. तो ओबडधोबड दिसेल, दिसू दे. सगळा जोर तिथंच आहे. टाक्याला लागूनच माझ्या खुणेचे तीन ठिपके आहेत, उस्तादांनी लावलेली सवय. भाऊबीजेला वेळेवर ये. अर्जुनराव दाजींना नमस्कार.

धाकट्याचं बोलणं कडू लागलं तरी माया पातळ करू नकोस.
तुझा बंकट

उमापूर, २४ ऑक्टोबर २०२४

चि. बंकटास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

दांडे बसले. जीप अशी उंच झालीय की चढताना मला पाटावर पाय द्यावा लागतो. तानाजीच्या केसांवर बोलू नकोस. तूही लग्नाआधी खिशात कंगवा घेऊन हिंडायचास, मी विसरले नाही. आणि आता मी विहीण होणार, तेव्हा जरा मानानं लिहीत जा.

एक सांगायचंय, चिडू नकोस. तानाजीनं दांडे बीडला नेऊन घासून, क्रोम करून आणले. आरशासारखे चमकतात. तुझे ठिपके गेले. कुणी विचारलं तर बँकॉकहून मागवले म्हणून सांगतो. सासरा वेल्डिंग करतो हे चारचौघांत बरं दिसत नाही, असं यांचंही म्हणणं पडलं. मी गप्प बसले. पोरगी भरल्या घरात पडतेय, ठिपक्यांचं काय घेऊन बसायचं?

वैष्णवीला गोड पापा. रागाचं पत्र लिहिलंस तरी शेवटी खुशाली कळव.
तुझी अक्का

पाटोदा, २७ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
सा. न.

ठिपके गेल्याचं मला सुतक नाही. ठिपके घासता घासता त्यांनी टाकाही सपाट केला असणार. घासल्याशिवाय ते चकचकीत होतच नाही. मग कडं नुसतं चिकटल्यासारखं राहिलं, आणि वर क्रोमचा मुलामा. आतून पोखरलेल्या दाताला सोन्याची टोपी!

आणि बँकॉक! पत्र वाचून ओकारी आली मला. साखरपुड्यात याच हातांनी त्याला पेढा भरवला. तेव्हा हे हात कुठले होते, बँकॉकचे? अर्जुनराव सभेत कष्टकऱ्यांच्या नावानं गळा काढतात आणि घरात व्याह्याच्या वेल्डिंगची लाज वाटते. थू!

तरी ऐक. दांडे काढून परत पाठव. नवे करून देतो, ठिपके नकोत तर नकोत. तोवर त्या गाडीत कुणी बसायचं नाही, तू तर नाहीच.

रागावलोय, पण तुझाच आहे.
बंकट

उमापूर, ४ नोव्हेंबर २०२४

चि. बंकटास,
आशीर्वाद.

काल भाऊबीजेला मला ताप आल्याचं फोनवर सांगितलं, ते खोटं. यांनी सांगायला लावलं.

तुझं पत्र मी तानाजीला वाचून दाखवलं होतं. मामाचा जीव ठिपक्यांत अडकलाय म्हणून हसला. काल तुझ्याकडे यायला मी त्याच जीपमध्ये बसले. माझंच चुकलं. गावाबाहेरच्या गतिरोधकावर मागून कडाड् आवाज झाला. दांडा कड्यापाशी तुटला आणि जीप रस्त्याकडेच्या चारीत गेली. माझं डावं मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय. तानाजीला खरचटलंही नाही.

हाताचं काही नाही रे. लोक धावले, मला अजून कुणी उठवलंही नव्हतं. गावातल्या धोंडीरामनं तानाजीला विचारलं की बँकॉकचा माल असा कावून तुटला बे. तर माझा पोरगा म्हणाला, कशाचं बँकॉक, पाटोद्याच्या मामानं केलतं, गावठी काम हाय, दुसरं काय व्हनार. मी चारीत पडल्या पडल्या ऐकलं. पोटच्या पोराची किळस येऊ शकते, हे मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी यांनीही पारावर तेच सांगितलं. मी खरं बोलायला लागले, तर लग्न तोंडावर आलंय, गप ऱ्हा म्हणाले.

हे पत्र विहिणीचं समजू नकोस, बहिणीचं आहे. पुढं काय करायचं ते तुम्ही बापलेकीनं ठरवा.

तोंड दाखवायची लाज वाटते, तरी मला परकी करू नकोस.
तुझी अक्का

पाटोदा, ७ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आत्यास,
वैष्णवीचा सा. न. वि. वि.

बाबांच्या हाताला ग्रीस होतं, म्हणून तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं. नट खाली पडला तरी शिव्या घालणारे बाबा, त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. सकाळी म्हणाले की पत्रिका वाटून झाल्यात, पोरीचं कसं होईल, आपणच नमतं घेऊ. बाबांनी नमतं घ्यायचं! ते ऐकून मला तुमच्या घराची अशी घाण वाटली की चहाही गेला नाही. तुम्ही सोडून, आत्या.

साखरपुड्याची साडी आणि अंगठी उमापूरला निघालेल्या मुंजाजीकाकांबरोबर पाठवतेय. दांडे धड होते तोवर बँकॉकचे होते, तुटले तेव्हा माझ्या बाबांचे झाले. माझंही तिथं तसंच होईल. सगळं नीट चाललं तर मी त्यांची सून, आणि जरा कुठं चुकले की पाटोद्याच्या वेल्डरची पोरगी. हे मी बाबांनाही सांगितलं. ते दुकानात गेले, आणि थोड्या वेळानं कुणाला तरी शिव्या घालताना ऐकू आले. मला बरं वाटलं.

तुमची भाऊबीज राहिलीय. बाबांनी तुमचं लुगडं अजून कपाटात ठेवलंय. एका हातानं ओवाळलं तरी चालतं. जीप नको, एसटीनं या.

सून होणार नाही, म्हणून जीव कमी लावू नका.
तुमची भाचीच,
वैष्णवी