मामंजींच्या हातातला शिरा

सांगली, श्रावण वद्य पंचमी, शके १८६८

संताप मावत नाही. मिरजेचे डॉक्टर आज म्हणाले, मामंजींच्या स्वादुपिंडात कर्करोगाची गाठ आहे, आता फार दिवस नाहीत. या वयात एकाएकी साखर वाढली तीही बहुधा त्या गाठीमुळेच. आणि आमचे इथले डॉक्टर सहा महिने एकच सांगत राहिले, "गोड बंद करा." मामंजी वाळत गेले, तरी तेच! मी मॅट्रिक झालेली, मला तरी विचारायला काय झालं होतं? उलट सत्यनारायणाचा शिरा त्यांच्या हातातून काढून घेतला. "सूनबाई, प्रसाद आहे गं तो," म्हणाले. तो शिरा मी गाईला घातला.

देवापुढे आज दिवा लावला, पण हात जोडले नाहीत. उद्या रेशनची सगळी साखर घालून शिरा करणार, त्यांच्या हातावर ठेवणार. बघते कोण अडवतं!